ओल्या हातानं धरायचा मासा

नदीत पाय ठेवण्याआधी मला पहिली सूचना मिळाली ती गळाबद्दल नव्हती, हाताबद्दल होती. "मासा लागला तर आधी हात पाण्यात बुडवायचा. कोरड्या हातानं त्याला शिवायचं नाही." सांगणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, डोक्याला कुल्लू टोपी, पायात रबरी बूट. समोर तीर्थन नदी दगडांवरून घुमत चालली होती आणि ऑक्टोबरची सकाळ असूनही पाणी असं गार होतं की घोट्यापर्यंत पाय घातल्यावर हाडं ठणकावीत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत, असं त्यांनी समजावलं. कोरड्या, गरम हाताला तो थर चिकटून येतो, उघड्या पडलेल्या जागी बुरशी धरते आणि आपण पुण्य केल्यासारखा सोडलेला मासा पुढं कुठंतरी मरून जातो.

मी बार्शीचा. आठव्या वर्षापासून मासे धरत आलो आहे. इतक्या वर्षांत माशाला धरताना हात ओला करावा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, कारण आमच्याकडं धरलेला मासा परत सोडायचा नसतोच.

आमची नदी भोगावती. पावसाळ्यात तिला पाणी असतं, मग ती सुकत जाते. पुढं सीनेला मिळते आणि सीनेबरोबर भीमेला. मासे धरायचे ते हिंगणीच्या तलावावर, आणि सलग दोन दिवस सुट्टी मिळाली की उजनीच्या फुगवट्यावर. अण्णांची, म्हणजे वडिलांची, बांबूची काठी होती. नायलॉनचा दोरा, त्याला तरंगायला मोरपिसाचा सोललेला देठ, शिशाचा मणी आणि गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. देठ हलला की मी उठायचो आणि अण्णा गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवायचे. "दम धर रं. गिळू दे त्येला." मासेमारीचा हा पहिला धडा माझ्या अंगात इतका मुरलेला होता, की तीर्थनवर दोन दिवस तोच मला आडवा आला.

ट्राऊटचं नाव मी वाचलं होतं, पाहिला मात्र कधी नव्हता. महाराष्ट्रात तो दिसणार कुठं? ट्राऊटला थंड आणि वाहतं, हवा भरपूर मिसळलेलं पाणी लागतं. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या वर जाऊ लागलं की तो अस्वस्थ होतो, पंचविसाच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत भाजून निघणाऱ्या आमच्या तालुक्यात तो एक उन्हाळाही काढू शकणार नाही. भारतात तो हिमालयात आहे आणि दक्षिणेत निलगिरी व मुन्नारच्या उंच डोंगरांत. मी आणि माझ्या मावसभावानं हिमाचल निवडलं.

आधी आम्ही गेलो बरोटला, आणि त्याला कारण बार्शीचंच होतं. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली. अडीच फुटी रूळ, छोटी इंजिनं. पुढं हीच गाडी पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. 2008 पर्यंत बार्शीवरून जाणाऱ्या मार्गावर मोठे रूळ आले आणि ती छोटी गाडी आठवणीत गेली. पण तेवढ्याच, अडीच फुटी रुळांची गाडी हिमाचलात पठाणकोट ते जोगिंदरनगर 1929 मध्ये सुरू झाली, आणि ती बांधली कशासाठी, तर ऊहल नदीचं पाणी वळवून वीज करण्याच्या शानन प्रकल्पाची यंत्रं वर न्यायला. जोगिंदरनगरच्या पुढं डोंगर इतका उभा आहे, की तिथून तारेच्या दोरानं ओढली जाणारी ट्रॉली बसवली आणि सामान बरोटला नेलं. ते रूळ झाडीतून सरळ वर चढताना आजही दिसतात. आजोबा असते तर त्यांनी खाली बसून रुळांमधलं अंतर वितीनं मोजलं असतं. मी मोजलं.

बरोट हे ऊहल आणि लंबाडग या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. तिथं सरकारी ट्राऊट केंद्र आहे. सिमेंटच्या लांबट हौदांतून नदीचं पाणी सतत खेळवलेलं आणि त्यात शेकडो मासे एकाच दिशेला, प्रवाहाकडं तोंड करून उभे. हे बहुतेक रेनबो ट्राऊट, मूळचे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचे. पाळायला सोपे, लवकर वाढणारे. हिमाचलात हॉटेलच्या ताटात येतो तो हाच. नदीत मोकळा वाढलेला असतो तो ब्राऊन ट्राऊट, मूळचा युरोपचा. तो बुजरा असतो. माणसाची सावली पाण्यावर पडली तरी दगडाखाली जातो. गळ टाकणारे हजार मैलांवरून येतात ते त्याच्यासाठी.

त्यासाठी आम्ही मंडीला आलो आणि मनालीच्या रस्त्यानं निघालो. औटच्या बोगद्याच्या अलीकडं एक फाटा लारजीकडं वळतो. लारजीला तीर्थन आणि सैंज या नद्या बियासला मिळतात. तिथून तीर्थनच्या काठाकाठानं वर बंजार, मग नागनी, मग गुशैनी. रस्ता नदीला सोडत नाही. घरांच्या पाटीच्या दगडांच्या छपरांवर मक्याची कणसं वाळत घातलेली, अंगणात राजमा. नदी हिमालयातल्या हंसकुंडाकडून येते आणि तिचा वरचा सगळा भाग ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये आहे. 1999 साली हे राष्ट्रीय उद्यान अधिसूचित झालं, 2014 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. उद्यानाच्या आत कुणी शेती करत नाही, घर बांधत नाही, म्हणून खाली गावांपर्यंत पाणी स्वच्छ येतं. काठावर उभं राहून तीन-चार फूट खोल तळाचा प्रत्येक दगड मोजता येतो.

ज्या गटाबरोबर आम्ही चार दिवस होतो त्याला ना पाटी आहे ना कचेरी. दहा-बारा माणसं, कुणी शिक्षक, कुणी सफरचंदाच्या बागेचे मालक, कुणी पाहुण्यांसाठी दोन खोल्या चालवणारे. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी चुलीभोवती जमतात, हंगामात नदीवर असतात आणि हंगाम बंद असतो तेव्हाही नदीवर असतात, कारण रात्री कुणी ब्लीचिंग पावडर टाकून नाहीतर विजेची तार सोडून मासे मारत नाही ना, हे पाहायचं असतं. पाहुण्याला ते शिकवतात, पण आधी मत्स्यविभागाचा परवाना दाखवायला लावतात. त्यात कुणालाही सूट नाही.

पहिली शिकवणी नदीवर झालीच नाही. कापणी झालेल्या शेतात झाली, आणि गळाच्या जागी लाल लोकरीचा धागा बांधून.

ज्वारी राखताना ज्यानं गोफण फिरवली आहे, त्याला आपला नेहमीचा गळ फेकणं लगेच कळतं. वजन टोकाला असतं. शिशाचा मणी पुढं जातो आणि दोरा त्याच्यामागं ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असते ती कोंबड्याच्या पिसांची, सशाच्या केसांची, धाग्याची केलेली माशी, आणि तिला वजन जवळपास नसतंच. ती फेकता येत नाही. वजन असतं दोरीत. दोरी जाड, मेण चढवल्यासारखी गुळगुळीत, टोकाकडं निमुळती होत गेलेली. तिच्या पुढं काही हात पारदर्शक बारीक धागा आणि मग माशी. दांडी मागं घ्यायची, दोरी पाठीमागं हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढं आणायची. म्हणजे गोफण नाही, आसूड. पोतराजाचा आसूड पाहिला असेल त्याला हे डोळ्यांसमोर येईल. फक्त इथं शेवटी फटका वाजता कामा नये. वाजला तर समजायचं की मागं थांबायला आपण कमी पडलो, आणि पुष्कळदा त्या फटक्यात माशी तुटून गेलेली असते.

दांडी घड्याळाच्या काट्यासारखी दहा आणि एकच्या दरम्यानच हलली पाहिजे. मनगट मोडायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे. मला त्याला सबंध सकाळ लागली. दुपारी उजवा खांदा भरून आला होता, पण लोकरीचा धागा दहा पावलांवर ठेवलेल्या पितळी थाळीत तीनदा पडला.

मग कुल्लू टोपीवाल्या आमच्या गुरुजींनी (मी त्यांना तेच म्हणू लागलो होतो) नदीतला एक दगड उचलला. नारळाएवढा. उलटा करून माझ्यापुढं धरला. ओल्या दगडाला नखाएवढे चपटे किडे चिकटलेले होते, मागं तीन बारीक शेपट्या. शेजारी वाळूच्या कणांची, काडेपेटीतल्या काडीएवढी नळी. तिच्या तोंडातून एक डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं. पहिल्या किड्याला इंग्रजीत मेफ्लाय म्हणतात, दुसऱ्याला कॅडिस. पाण्याखाली महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, ते असेच वाढतात. एका संध्याकाळी वर येतात, पंख फुटतात, हवेत विणीचा नाच होतो आणि पंख फुटलेला मेफ्लाय एक-दोन दिवसांत संपतो. ट्राऊटचं जेवण म्हणजे हे किडे. गुरुजींनी डबी उघडली, दगडावरच्या किड्याकडं पाहिलं, डबीतल्या पन्नासेक माश्यांमधून एक निवडली आणि म्हणाले, "आज तो हे खातोय. आपण दुसरं वाढून उपयोग नाही."

ती माशी मी हातात घेऊन नीट पाहिली. तिच्या पोटाला गुंडाळलेला हिरवट चमकता तंतू मोरपिसाचा होता. अण्णांच्या गळाला तरंगायला मोरपिसाचा देठ असायचा. इथं त्याच पिसाचा एक तंतू गळावर किड्याचं पोट झाला होता. गळाचा आतला उलटा काटाही पक्कडीनं दाबून सपाट केलेला होता, म्हणजे मासा सोडवताना जबडा फाटू नये.

दुसऱ्या दिवशी नदीत उतरलो. ट्राऊट नेहमी प्रवाहाकडं तोंड करून असतो; म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगानं जायचं. तो उभा राहतो मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथं पाण्याचा जोर कमी, पण शेजारून वाहत्या धारेतून खाणं येत राहतं. माशी त्याच्या वर तीन-चार हातांवर अलगद टाकायची आणि प्रवाहानं ती नैसर्गिकपणे वाहत येऊ द्यायची. दोरी धारेत सापडून माशीला जरा जरी ओढली गेली तरी माशाला संशय येतो. खरा किडा प्रवाहाला आडवा पोहत जात नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक असतं.

आणि इथंच अण्णांचा धडा आडवा आला. पाण्यावर बांगडीएवढं वर्तुळ उमटलं, माशी गडप झाली आणि मी थांबलो. "गिळू दे त्येला." दोन क्षणांत माशी परत वर आली, मासा गेला होता. गांडूळ खरंच खाण्याची वस्तू असते, मासा ते गिळतो. पिसाची माशी तोंडात घेताच ट्राऊटला फसवणूक कळते आणि तो ती थुंकून देतो. इथं थांबायचं नाही, तिथल्या तिथं दांडीचं टोक उचलायचं. त्या दिवशी पाच वेळा वर्तुळ उमटलं आणि पाचही वेळा मी थांबलो.

तिसऱ्या दिवशी ऊन डोंगराआड गेल्यावर, कमरेएवढ्या पाण्यात, सहाव्यांदा थांबलो नाही. दांडी वाकली, दोरीतून थरथर थेट कोपरापर्यंत आली. तो प्रवाहाच्या दिशेनं धावला, दगडाखाली शिरायला पाहू लागला. गुरुजी बाजूला उभे होते. "ओढू नका, जाऊ द्या, दमेल," एवढंच म्हणाले. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मी दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि त्याला पोटाखालून उचललं.

वीत आणि वर चार बोटं. पाठ ऑलिव्हच्या तेलासारखी पिवळट तपकिरी, पोट लोणकढ्या तुपाच्या रंगाचं, कुशीवर काळे ठिपके आणि मध्ये मध्ये शेंदरी ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. खवले इतके बारीक की अंग रेशमासारखं लागतं. आणि तो गार होता. उजनीचा मासा हातात आला की कोमट लागतो. याच्या अंगात बर्फाचं पाणी होतं. गळ चिमटीत धरून उलटा फिरवला, निघाला. त्याचं तोंड प्रवाहाकडं करून मी त्याला पाण्यात धरून ठेवलं. कल्ले उघडझाप करू लागले, एकदा, दोनदा, पाच-सहादा, आणि मग त्यानं शेपटीचा एक झटका दिला आणि माझे हात रिकामे झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी धरलेला मासा परत गेला होता आणि मला तो आजही दिसतो. ताटात घेतलेला एकही मासा मला इतका नीट आठवत नाही.

हा ब्राऊन ट्राऊट इथं आला कसा, ते त्या रात्री चुलीपाशी निघालं. इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्या देशातल्या नद्यांची आठवण येई. 1899 मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डनं काश्मीरच्या महाराजांसाठी ट्राऊटची अंडी बोटीनं पाठवली. ती वाटेतच खराब झाली. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवली, ती तगली, आणि श्रीनगरजवळ हारवनला फ्रँक मिचेल या गालिचे बनवणाऱ्या उद्योजकाच्या देखरेखीखाली पिल्लं वाढली. कुल्लूला ती आली काश्मीरहून. 1909 मध्ये हॉवेल या आयसीएस अधिकाऱ्यानं बियासकाठी महिली इथं उबवणी केंद्र काढलं आणि तिथली पिल्लं आसपासच्या नद्यांमध्ये सोडली. पुढं पतलीकुहलचं केंद्र उभं राहिलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याला नॉर्वेचं साहाय्य मिळालं आणि रेनबो ट्राऊटची शेती गावोगाव पसरली.

मासा आणला इंग्रजांनी, पण नदी राखली ती गावकऱ्यांनी, आणि मला हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प येणार होते. पाणी बोगद्यात गेलं की मधली नदी कोरडी पडते; ट्राऊटला नुसतं पाणी पुरत नाही, वाहतं पाणी लागतं. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांनी याविरुद्ध लोकांना एकत्र केलं, सरकारदरबारी आणि न्यायालयात दाद मागितली. 2004 मध्ये हिमाचल सरकारनं तीर्थनवर प्रकल्प होणार नाहीत असा निर्णय घेतला. शेजारच्या सैंज आणि पार्वती खोऱ्यांत बोगदे झाले. तीर्थन मोकळी राहिली. त्या निर्णयामुळं गावाचं नुकसान झालं नाही. पाहुण्यांच्या खोल्या, वाटाडे, परवाने, पाळलेला ट्राऊट, या सगळ्यांवर आज खोऱ्यातली कितीतरी घरं चालतात.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय ट्राऊटचं कौतुक अर्धवट राहील. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची जी यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांनी केली, तिच्यात ब्राऊन आणि रेनबो हे दोन्ही ट्राऊट आहेत. हिमालयाच्या नद्यांमध्ये त्यांच्या आधीपासून राहणारा देशी मासा आहे, स्नो ट्राऊट म्हणतात त्याला, पण तो ट्राऊट नव्हे. रोहू-कटल्याच्या कुळातला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. परक्या ट्राऊटनं त्याची जागा आणि त्याची पिल्लं दोन्ही खाल्ली. गुरुजींना हे माहीत होतं. त्यांच्या गटात स्नो ट्राऊट चुकून गळाला लागला तर तो कोणत्याही मापाचा असो, सोडायचाच असा नियम आहे.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या नदीत कुठला मासा आहे?"

मी म्हणालो, चिलापी. आणि बोलता बोलता लक्षात आलं, की उजनीची चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतून 1952 मध्ये भारतात आणलेली, तीही त्याच शंभरांच्या यादीत आहे. भिगवणला हायवेवर थांबून आपण जी चिलापी फ्राय खातो, ती भीमेची नाही.

भीमेचा मासा कोणता, हे मी त्यांना मग सांगितलं. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी 1820 च्या दशकात दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. त्यानं इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं लिहिली, आणि नावं देताना कोळ्यांकडून ऐकलेलीच नावं पुष्कळ ठिकाणी ठेवली. त्यामुळं आपल्या माशांच्या लॅटिन नावांत आजही मराठी ऐकू येते: गोग्रा, खुद्री, कोलस, टाकरी, पोटेल. त्यातला ‘तोर खुद्री’ म्हणजे दख्खनचा महाशीर, आपला खडशी. साइक्सला तो मिळाला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत, आणि मुळा-मुठा जाते भीमेत. म्हणजे आज जिथं उजनीचा फुगवटा आहे त्याच पाण्याचा हा राजा. गळाला लागला तर ट्राऊटपेक्षा कितीतरी पट जोर करणारा, पिसाच्या माशीलाही झेपावणारा. टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला वळवणच्या तलावावर 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार केली नसती, तर आपल्या पिढीला त्याचं नावही कळलं नसतं. कंपनीच्या केंद्रातली पिल्लं कावेरीतही सोडली गेली आणि तिथं आपला हाच खडशी तिथल्या मूळच्या महाशीराला भारी पडला. कुठला मासा कुठल्या पाण्यात सोडायचा, यात चूक झाली तर चांगल्या हेतूनं केलेलं कामही अंगाशी येतं, हे त्यावरून कळतं.

महाशीर ज्या ठिकाणी आपल्याकडं देवाच्या नावानं राखला आहे, तिथं तो आजही हाताला लागेल इतक्या जवळ येतो. महाड तालुक्यातला वाळण कोंड, वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे. तिथं कुणी गळ टाकत नाही. तीर्थनच्या मंडळींना हे फार आवडलं. त्यांच्याकडंही देवाच्या डोहात मासा धरत नाहीत.

आणखी एक गोष्ट मी त्यांना अभिमानानं सांगितली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरच्या शेजारचं. आमचा मुलूख त्याच्याच राज्यातला. त्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असं एक प्रकरण आहे. मासे कोणते, त्यांना काय चारायचं, काठी आणि दोर कसा असावा, गळ कसा टाकावा, हे सगळं त्यात आहे. राजानं करायच्या करमणुकींपैकी ही एक. भारतातले नामवंत मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे गळानं मासे धरण्याचं शास्त्र आमच्याकडं आयात झालेलं नाही. आम्ही ते विसरलो.

बार्शीहून तीर्थनला जायचं असेल तर पुण्यापर्यंत गाडी, पुढं चंदीगडपर्यंत विमान किंवा दिल्लीमार्गे रेल्वे, तिथून मनालीच्या बसनं औट आणि औटहून बंजारची बस. हंगाम मार्च ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासा विणीला असतो, तेव्हा सगळं बंद. मध्ये जून ते ऑगस्ट बर्फाचं आणि पावसाचं पाणी येऊन नदी गढूळ व धोक्याची होते. जुलै 2023 चा कुल्लूचा पूर कुणी विसरलेलं नाही. म्हणून मार्च-एप्रिल नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. परवाना आधी काढा, त्यावर किती आणि केवढे मासे ठेवता येतात ते लिहिलेलं असतं. दांडी तिथं भाड्यानं मिळते. लोकरीचे मोजे दोन जोड घ्या. पाण्यात एकटं उतरू नका, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय देण्याआधी काठीनं चाचपा. मी एकदा चाचपलं नाही आणि गुडघा सुजवून घेतला.

परतल्यावर दुसऱ्याच रविवारी अण्णांना घेऊन उजनीवर गेलो. त्यांचं वय आता पंच्याहत्तर. तीच बांबूची काठी, तोच देठ. काठावर एक बारीक आसाचं जाळं सुकत पडलं होतं आणि त्यात बोटाएवढी पिल्लं अडकून वाळलेली होती, मूठभर नव्हे, पाटीभर. अण्णा बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. मग त्यांच्या गळाला वितीच्या आतलं रोहूचं पोर लागलं. मी म्हणालो, "अण्णा, आधी हात भिजवा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. हात भिजवला, गळ काढला आणि पोर पाण्यात सोडलं.

तुम्ही उजनीवर, हिंगणीवर, जायकवाडीवर, कुठंही गळ टाकायला बसत असाल, तर एवढं करा. विणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात मासा उलट्या धारेला चढत असतो तेव्हा, काठी घरी ठेवा. बारीक आसाचं जाळं टाकणाऱ्याला हटका. आणि वितीच्या आतला मासा लागला, तर ओल्या हातानं सोडून द्या.